सुरभीच्या बादलीतला स्पंज

मित्रांनो, मी एक जुना समुद्री स्पंज आहे. खरं तर त्याचा उरलेला सांगाडा. अष्टमी गावातल्या एका शाळेच्या कपाटात राहतो.

मी जगलो कुंडलिका नदीच्या मुखाशी, खडकाला चिकटून. मला हृदय नव्हतं, मेंदू नव्हता, तोंडही नव्हतं. अंगभर बारीक छिद्रं होती. आतल्या हजारो पेशी इवल्या शेपट्या हलवून पाणी ओढायच्या. त्यातले सूक्ष्म जीव हेच माझं अन्न. काचेसारख्या सुयांनी आणि चिवट धाग्यांनी माझं अंग सावरलं होतं.

कालवं काढायला आलेल्या नाथाने मला खडकावरून सोडवलं. "आमच्या सुरभीच्या शाळंत दाखवायला होल," म्हणाला. माझा मऊ भाग कुजून गेला, धुतल्यावर सांगाडा उरला. मृणालीबाईंनी मला वर्गापुढे धरलं तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. नाथाच्या लेकीची, सुरभीची, मान ताठ झाली होती.

पुढच्या वर्षी नाथाची होडी खाडीत उलटली. होडी सापडली, नाथा सापडला नाही.

मग एकदा बाईंनी सांगितलं, "काही जिवंत स्पंज कापडातून गाळले, तरी सुट्या झालेल्या पेशी पाण्यात एकमेकींना शोधतात आणि पुन्हा जुळतात." सुरभी माझ्याकडे एकटक पाहत राहिली. त्या शनिवारी तिने मला दप्तरात लपवून घरी नेलं आणि खाडीच्या पाण्याच्या बादलीत सोडलं.

पाणी छिद्राछिद्रांत शिरलं. पण त्याला पुढे ओढणारं आत कुणीच नव्हतं. ओसाड घरात कुणी हाका मारत फिरावं, तसं ते माझ्यात फिरलं. रविवारभर सुरभी बादलीशी बसून होती. तिच्यासाठी एकदा तरी हलावं असं वाटलं. जमलं नाही.

"काय गो, सकाळपासून काय बघत बसलीस?" तिची आई चंद्रावती म्हणाली.

"हा परत जुळला, तर बाबा पण येल."

सात महिने चंद्रावती रोज नाथाचं ताट वाढत होती. तिने मला बाहेर काढलं. पाणी गळून गेलं.

"नाय गो. ह्यातला जीव गेला." मग मला खाली ठेवत, "तुझा बाबा पण गेला."

हे ती पहिल्यांदाच बोलली. दोघी तिथेच बसून रडल्या. त्या दिवशी जेवायला दोनच ताटं मांडली गेली.

सोमवारी सुरभीने मला शाळेत परत नेलं, तेव्हा बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिला माझ्यावर लावायला कोरी चिठ्ठी दिली. तिने लिहिलं : 'समुद्री स्पंज. आणून देणारे : कै. नाथा.' 'कै.' लिहिताना पेन थांबलं होतं.

मित्रांनो, खडकावर माझे भाऊबंद दिसले तर डोळे भरून पाहा, पण त्यांना तिथेच राहू द्या. एकदा वाळला की कितीही पाणी घाला, स्पंज परत येत नाही. सुरभीने घालून पाहिलं आहे.