अंधार सांभाळणारा रांजण

मी एक जुना मातीचा रांजण आहे, मित्रांनो. पण माझ्यात आजवर कोणी घोटभरही पाणी भरले नाही. भरणार कसे? मला बूडच नाही. कुंभाराने मला घडवले तेच पालथे घालण्यासाठी. खाली रुंद तोंड, वर निमुळता गळा आणि गळ्यावर एक झाकण. पालथ्या घड्यावर पाणी म्हणून लोक हिणवतात. हिणवोत बापडे! माझा सारा जन्म पालथे राहण्यात गेला आणि मला त्याची तिळमात्र लाज वाटत नाही.

माझे काम अंधार सांभाळण्याचे. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर भागातल्या आमच्या गावात रूबार्ब पिकतो. त्याची पाने अळूसारखी मोठी, पण विषारी; ती तोडून टाकायची. खायचे ते लाल, आंबट देठ. ऐन हिवाळ्यात त्याच्या जमिनीतल्या गड्ड्यावर मला पालथे घालतात आणि आत मिट्ट काळोख होतो. मग उजेडाच्या शोधात कोंब जिवाच्या आकांताने वर धावतात. असे अंधारात वाढलेले देठ गुलाबी आणि कोवळे असतात. शेजारच्या उघड्या गड्ड्याला जाग येण्याआधी माझ्या पोटातले पीक तयार होते. आणि एक गंमत सांगतो. कोंब फुटतो तेव्हा आवाज होतो. टक्! वाळलेली शेंग तडकावी तसा. एरवी मातीच्या भांड्याला कोण काय ऐकवणार? पण मी वसंताची चाहूल सगळ्यांच्या आधी ऐकली आहे.

मला विकत घेतले ते माझा पुढचा मालक विल्फ हिंचक्लिफ याच्या आजोबांनी. ते रूबार्बच्या मोठ्या अंधाऱ्या गोदामांत कामाला होते. तिथे मेणबत्तीच्या उजेडात देठ काढत आणि पीक निघाले की अंधारात सारी ताकद संपून दमलेले गड्डे उकिरड्यावर फेकून देत. आजोबांनी असाच एक गड्डा उचलून आणला, आपल्या मळ्यात पुरला आणि दोन वर्षे त्याला हात लावला नाही. लोक हसले. तिसऱ्या वर्षी त्याला मनगटाएवढे देठ आले, तेव्हा हसणारेच मागायला आले.

आमचे मळे म्हणजे नगरपालिकेने भाड्याने दिलेले जमिनीचे लहान लहान तुकडे. प्रत्येकाचे एक खोपटे, एक पाण्याचे पिंप आणि शेजाऱ्याच्या वाटाण्यावर ठेवलेला एक डोळा. विल्फच्या खोपट्याजवळ त्या आजोबांच्या गड्ड्याचे तीन गड्डे झाले होते. दर हिवाळ्यात तो मला एकावर घाली आणि उरलेल्या दोघांना विसावा देई. का, ते त्याने कोणाला सांगितले नाही. विल्फ तसा घुमाच. पण रोज दुपारी टोपी काढून तो माझ्या पोटाला कान लावी.

त्याची बायको जॉइस फाटकातूनच ओरडायची, “विल्फ, मडक्याशी काय बोलतोस? घरी माझ्याशी बोलायला तोंड उघडत नाही!”

“बोलत नाही गं, ऐकतोय.”

“मग तेही घरी करत जा की!”

जॉइस मळ्यात काम करत नसे. तिची हयात शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घालण्यात गेली होती. तो पिकवी, ती रांधी. मार्चमधल्या पहिल्या कामाच्या रविवारी सगळे मळेकरी एकत्र जमत. कोणी पिंपाची तोटी बदली, कोणी खोपट्याचे छप्पर शाकारी, कोणी जुन्या खिडक्यांच्या तावदानांची पेटी करून तीत रोपे ठेवी. घरच्या खिडकीत दह्याच्या डब्यांतून वाढवलेली टोमॅटोची रोपे एकमेकांना दिली जात. मग दोन पिंपांवर एक जुने दार आडवे टाकून त्यावर जेवण. शेजारच्या मळ्यातली नसरीन पातेलेभर डाळ आणी, बसचालक म्हणून निवृत्त झालेला डेरेक सगडन आपले कांद्याचे लोणचे आणी, आणि सगळ्यांत शेवटी येई जॉइसचा पाय, म्हणजे खुसखुशीत कणकेच्या आवरणात भरलेला साखरेतला गुलाबी रूबार्ब. त्यावर गरम कस्टर्ड. त्या पायाशिवाय आमच्याकडे वसंत आला असे कोणी मानत नसे.

डेरेक डाळीवर तुटून पडायचा. “नसरीन, हिच्यात आंबट काय घालतेस गं? चिंच?”

“आमच्या घरचं गुपित आहे, डेरेक अंकल.”

“असू दे, असू दे. फक्त विल्फच्या रूबार्बला असल्या मसाल्यात घालू नका म्हणजे झालं. तो पायासाठीच जन्माला आलाय.”

नसरीन गालातल्या गालात हसून त्याची वाटी पुन्हा भरायची.

मग एका पानगळीत विल्फ गेला. त्या हिवाळ्यात मळ्याकडे बघायला कोणी नव्हते. पाणी साचले आणि तीनपैकी दोन गड्डे कुजले. जानेवारीत एके सकाळी फाटक वाजले. जॉइस आली होती. पायात विल्फचे मोठे बूट, ते बसावेत म्हणून आत दोन-दोन मोजे, आणि हातात उलटे धरलेले फावडे. तिने मला ओढत उरलेल्या एकुलत्या एका गड्ड्यावर नेऊन घातले आणि मोठ्याने म्हणाली, “पाय होणार म्हणजे होणार.”

आणि झाला. त्या रविवारी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही पाठीवर थापा पडल्या. खोटे कशाला सांगू, मला अभिमान वाटला.

पुढच्या जानेवारीत ती पुन्हा आली आणि पुन्हा मला त्याच गड्ड्याकडे ओढू लागली. डेरेक कुंपणापाशी आला.

“जॉइस, या वर्षी राहू दे त्याला. दमलाय तो.”

“विल्फनं एक तरी वसंत सोडला होता का?”

“अगं, विल्फकडे तीन होते!”

“माझ्याकडे एक आहे. मग त्या एकानं तिघांचं काम करायचं. मी नाही का करत?”

“पालथ्या घड्यावर पाणी,” डेरेक पुटपुटत निघून गेला. हे बोलणे मला झोंबले. पालथा मी होतो खरा, पण डेरेकचे सगळे म्हणणे मला कळले होते.

मी ऐकत राहिलो. एकदाच एक बारीक टक् ऐकू आले. नंतर काही नाही. दिवसामागून दिवस गेले, बर्फ पडले, वितळले. माझ्या पोटात नुसती शांतता. जॉइस रोज येई, झाकणावर हात ठेवून “शाब्बास” म्हणे आणि जाई. तिने एकदा कान लावला असता तर! मला ओरडून सांगावेसे वाटे. पण मला तोंड आहे ते मातीत रुतलेले. आपल्या पोटात कोणी मरत असताना गप्प बसावे लागणे याहून मोठे दुःख मला माहीत नाही.

कामाच्या रविवारी ती घरून कणीक लाटूनच आली. सगळे गोळा झाले. तिने मला बाजूला केले. आत दोऱ्यासारखे दोन फिकट कोंब आडवे पडले होते. तिने गड्ड्याला बोट लावले आणि ते नासक्या बटाट्यात जावे तसे आत गेले.

जॉइस तिथेच मातीत बसली. “मी मारलं याला,” ती म्हणाली. “विल्फचं एवढं एकच उरलं होतं. तेही मी मारलं.”

डेरेकने टोपी काढली. तरी मी सांगत होतो, असे तो म्हणाला नाही. एरवी त्याच्या तोंडाला कुलूप नसते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

“मळ्याची किल्ली देऊन टाकते,” जॉइस म्हणाली. “आणि हा रांजण न्या कोणीतरी. स्ट्रॉबेरी लावा त्यात.”

नसरीनने हातातले पातेले खाली ठेवले. “आंटी, उठा. चला माझ्याबरोबर.”

तिने जॉइसला कुंपणापलीकडे नेले. मला सगळे दिसत होते. पुदिन्याच्या वाफ्यामागे तिने पेंढा बाजूला केला. खाली एक दणकट गड्डा होता आणि त्यावर लालबुंद कोंब टरारले होते.

“हा विल्फ अंकलचा आहे,” नसरीन म्हणाली. “मला मळा मिळाला त्या दिवशी त्यांनी आपल्या गड्ड्याचा तुकडा पिशवीत घालून दिला. म्हणाले, दोन वर्षं हात लावू नकोस. मी नाही लावला.”

“पण मी तर तुला एकदाही पाय करताना पाहिलं नाही!”

“मी डाळीत घालते, आंटी. उन्हाळ्यातले देठ गोठवून ठेवते.”

डेरेकचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“म्हणजे... ते आंबट...”

“रूबार्ब.”

“इतकी वर्षं मी...”

“तीन-तीन वाट्या, अंकल.”

जॉइस आधी रडत होती. मग ती रडता रडता हसू लागली आणि तिला दोन्ही आवरेना. “तू सांगितलं का नाहीस गं पोरी?”

“तुम्हाला माहीत असेल असं वाटलं. ते म्हणायचे, झाड टिकवायचं असेल तर वाटून टाकावं.”

“मला नाही कधी म्हणाला,” जॉइस म्हणाली. “घरी बोलेल तर शपथ!” मग डोळे पुसून तिने लगेच बाह्या वर केल्या. “आण फावडं. आत्ताच तुकडे करू.”

“अजिबात नाही. पानं गळू देत. नोव्हेंबरात.”

“नोव्हेंबर? बाई गं, तू माझ्याहून हट्टी निघालीस.”

“शेजार कोणाचा आहे, आंटी?”

त्या दिवशी डेरेकच्या साठवणीतल्या सफरचंदांचा पाय झाला. कोणी नाव ठेवले नाही, कोणी पुन्हा मागितलाही नाही.

नोव्हेंबरात नसरीनने गड्ड्याचे तुकडे केले आणि तीन तुकडे विल्फच्या त्याच जागांवर लागले. पुढची दोन वर्षे त्यांना विसाव्याची होती आणि मला अडगळीची. खोपट्याच्या भिंतीला टेकून मी पडून राहिलो. गोगलगायींनी माझ्यात संसार थाटले. एका कडाक्याच्या थंडीत मला गळ्यापासून खालपर्यंत तडा गेला आणि झाकणाचे दोन तुकडे झाले. आता उकिरडा, असे मी धरून चाललो. पण जॉइसने डेरेकला तार आणि पक्कड घेऊन बोलावले. त्याने मला तारेचे दोन वेढे घातले, झाकण लाकडाचे केले आणि आपल्या कामाकडे बघून म्हणाला, “पट्टा बांधलेला म्हातारा दिसतोय.” म्हणेना का. तारेने मला घट्ट धरले होते, एवढे मला पुरे होते.

जॉइस दोन्ही वसंत त्या कोंबांभोवती नुसती घिरट्या घालत राहिली. तिचे हात शिवशिवत. डेरेक मुद्दाम चिडवी, “एक देठ काढ की, कोण बघतंय?”

“आगीत तेल ओतू नकोस, मेल्या!” ती ओरडे आणि हात खिशात घाले. तेवढ्या काळात ती वाटाणे लावायला शिकली, बटाट्यांना मोड आणायला शिकली, आणि फावडे सुलटे धरायलाही. हट्ट तिने सोडला नाही. फक्त आधी ती ओढण्याचा हट्ट करत होती, आता थांबण्याचा करू लागली. हा दुसरा हट्ट जास्त अवघड असतो, मित्रांनो.

या जानेवारीत माझी पाळी आली. तिघांनी बराच वेळ वाद घालून मधला गड्डा निवडला, कारण तोच सर्वांत भरदार होता. कडेच्या दोन गड्ड्यांपाशी जॉइसने काठ्या रोवल्या आणि त्यांना लाल लोकर बांधली. लाल लोकर म्हणजे हात लावायचा नाही. मग तिने मला हळूच मधल्यावर घातले. तिचे गुडघे आता कुरकुरतात, म्हणून ती घरून एक स्टूल घेऊन आली.

एका दुपारी गारठा होता. स्टुलावर बसून तिने लोकरीची टोपी काढली आणि माझ्या तारेशेजारी कान टेकवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी माझा अंधार घट्ट आवळून धरला.

टक्.

ती हलली नाही. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. टक्.

डेरेक घेवड्याच्या काठ्या घेऊन वाटेने चालला होता. “जॉइस, मडक्याशी काय बोलतेस?”

“बोलत नाही रे, ऐकतेय. गप्प बस जरा.” मग माझ्या पोटावर हात ठेवून ती म्हणाली, “विल्फ, मेल्या, हे मला एकदा ऐकवायचं नाहीस का?”

डेरेकने काठ्या खाली ठेवल्या. नसरीन कुंपण ओलांडून आली. तिघांनी माझ्या पोटाला कान लावले. माझ्या आयुष्यात माझ्याकडे एवढे लक्ष कोणी दिले नव्हते.

मित्रांनो, तुम्हीही कोणाकोणाकडून काम घेत असाल. झाडाकडून, जनावराकडून, घरातल्या माणसाकडून, एखाद्या तडकलेल्या भांड्याकडूनही. खुशाल घ्या, कामाला आम्ही भीत नाही. पण शाब्बास म्हणून निघून जाऊ नका. मधूनमधून कान लावा. आतून आवाज येईनासा झाला, तर हात आवरा आणि त्याला विसावा द्या.

रविवारचा पाय झाला. डेरेकने तीन तुकडे खाल्ले आणि वर डाळही मागितली. सगळे पांगल्यावर जॉइस पुन्हा मळ्यात आली. तिने मला उचलून खोपट्याच्या आडोशाला ठेवले आणि कडेची एक लाल लोकरीची काठी उपटून मधल्या गड्ड्यापाशी रोवली.