नऊ झ्लोटी जास्तीचे

मी बाकीची चिठ्ठी बोलतेय. 'तुमच्याकडे आमचे एवढे निघतात, कबूल असेल तर खाली सही करा' असं वर्षअखेरीला देणेकऱ्याला कळवतात ना, तीच मी. एक पान मेलं, पण सही झाली की माझ्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद.

माझा जन्म पोलंडातल्या नोवी तार्गला, ओतिलियाबाईंच्या शिवणखोलीत झाला. त्या हंसाच्या पिसांच्या रजया शिवतात. डोंगरातल्या लुदविकच्या लॉजला त्यांनी चाळीस रजया दिल्या आणि पोचल्याची सहीच घेतली नाही. भोळी बाई! आता तो म्हणे, "कसल्या रजया?" अठरा हजार सहाशे चाळीस झ्लोटी अडकले. डिसेंबर सरला की दावा लावायची मुदतही सरणार होती. मग शिलाई मशिनी विकायच्या आणि शिवणाऱ्या दोघींना घरी बसवायचं, एवढंच उरलं होतं.

हिशेब बघणाऱ्या रेगिनाने मला लिहायला घेतलं.

"सहाशे चाळीस नको, सहाशे एकोणपन्नास लिही," ओतिलियाबाई कडाडल्या. "तगाद्याच्या पत्रांचं टपाल काय त्याचा बाप भरणार?"

"बाई, टपाल यात धरत नाहीत."

"धर म्हणते ना!"

धरलं.

लुदविकच्या घरी कोबीच्या सुपाशेजारी मला उघडलं. त्याची बायको अगाता म्हणाली, "टाका चुलीत. उत्तरच द्यायचं नाही, वकिलानं बजावलंय."

पण त्याची नजर आकड्यावर अडकली. "नऊ जास्त लावलेत! मला काय खुळा समजते ही बया?"

"अहो, गप बसा की!"

"गप काय? हिशेब म्हणजे हिशेब!"

त्याने मला लॉजच्या कचेरीत नेऊन आकडा खोडला, शेजारी लिहिलं, 'देणं फक्त १८,६४०', खाली सही ठोकली, शिक्का दाणकन मारला आणि मला रजिस्टरने परत धाडलं. अगाताला कळलं तेव्हा मी गावाबाहेर पडले होते.

"रजया मिळाल्याच नाहीत म्हणत होतात ना? आता घ्या, स्वतःच्या हातानं लिहून दिलंत!"

लेखी कबुली मिळाल्याने दाव्याची मुदत नव्याने सुरू झाली. कोर्टाने मला पाहिलं, दुसरा पुरावा मागितला नाही. बर्फ वितळायच्या आत पैसे आले. मशिनी जागेवर आहेत, दोघी बाया शिवताहेत, भांडताहेत.

मी आता फायलीत आहे, अंगाला दोन भोकं पाडून. तक्रार नाही. ओतिलियाबाईंच्या हट्टाचे माझ्यावर उपकार आहेत, पण जास्त उपकार लुदविकचे. माझ्या जातीच्या चिठ्ठ्या न वाचताच चुलीत जातात हो. मला त्यानं शेवटच्या आकड्यापर्यंत वाचलं. देव त्याचं भलं करो.