दोन वर्तमानपत्रांत

"मैं, मिताली निलय देवधर..." वर्तमानपत्राच्या काउंटरवरचा माणूस जाहिरातीचा मजकूर मोठ्यानं वाचू लागला, तशी मितालीनं ओढणी कपाळावर ओढून मागच्या रांगेकडे पाहिलं.

"ज़रा धीरे, भैया."

त्यानं आवाज खाली आणला नाही. जुनं नाव, तनया रंगनाथ हे नवं नाव, बनी पार्कातल्या आताच्या खोलीचा पत्ता, सगळं वाचून झालं.

"पता छोड़ नहीं सकते?"

"बिना पते के नहीं छपेगा, मैडम."

आधीच्या खोलीचा पत्ता निलयला लागला तेव्हा त्यानं दाराची कडी उखडून काढली होती. म्हणून तर नाव बदलून, नव्या पासपोर्टवर तिला लंडनला बहिणीकडे जायचं होतं. त्या बहिणीला, जयंतीला, हे पटतच नव्हतं.

"इथे नाव बदलायला एक कागद लिहायचा, साक्षीदारासमोर सही करायची, झालं. कुणाला कळतसुद्धा नाही. आणि तुमच्याकडे लपायचं तरी आधी पेपरात छापायचं?"

"पासपोर्ट इथला आहे, ताई. नियमही इथलेच."

हिंदी पेपरात जाहिरात आली त्या सकाळी मितालीनं आतून कुलूप घातलं आणि दाराला पलंग लावला. मानसरोवर भागातल्या सासरच्या घरी निलय चहाबरोबर पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. जिन्यात पावलं वाजली. ती पलंगाला रेटा देऊन उभी राहिली. पावलं वरच्या मजल्यावर गेली.

मग फोन वाजला. सासूबाई. निलयचा नंबर तिनं ब्लॉक केला होता, सुनंदाबाईंचा करताना मात्र हात थांबला होता. बराच वेळ वाजू देऊन तिनं तो उचलला.

"ऐक," सुनंदाबाई कुजबुजल्या. "तो अंघोळीला गेलाय. आज आमच्याकडे पेपर आला नाही."

पलीकडे बादलीत पाणी पडत होतं.

"म्हणजे, आला नाही असं मी सांगितलंय. पेपरवाल्यावर चिडलाय. दोन पेपरांत द्यावं लागतं ना? दुसऱ्यात कधी येणार?"

तीन वर्षांत या बाईंनी निलयला एकदाही अडवलं नव्हतं. आवाज चढला की त्या देवघराचं दार लोटून आत बसायच्या.

पलीकडचं पाणी बंद झालं.

"लवकर सांग गं."

"गुरुवारी," ती म्हणाली. "इंग्रजीत."