घंटी आणि भोंगा

खंडेनवमीच्या सकाळी बंद जिनाचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा, भोंगा मी वाजवला. कारण इतकंच, की पूजेला थोडा थाट हवा असं माझ्या सुपीक मस्तकात आलं.

गिरजाबाईची माझी पहिली आठवण पांढरी आहे. रेच्यावर, त्या सरकी काढायच्या यंत्रावर, ती कापूस लावी, सरकीपासून सुटलेली रुई धुक्यासारखी तरंगे, आणि मावळतीचं तिरपं ऊन झरोक्यातून आत उतरलं की त्या सोनेरी धुक्यात तिच्या भिवया, पापण्या, कपाळावरच्या बटा शुभ्र होत. तिशीतली बाई सत्तरीची दिसे. दारात येऊन ती पदराने तोंड झटकी आणि पुन्हा तरुण होई. वार्धक्य असं रोज उंबऱ्याशी उतरवून ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग मंदी आली. ती कशी दिसली म्हणाल, तर दिसली नाहीच, ऐकू आली. विलायतेत कापसाला कोणी विचारीना, फाटकापुढची गाड्यांची रांग आटली, आणि एका हिवाळ्यात भोंगा वाजलाच नाही. त्या नादावर वाशीमच्या निम्म्या चुली पेटत. तो थांबला आणि सकाळ नुसतीच उजाडू लागली. बायांना घरी धाडलं. मिस्त्री आणि मी, जिनाचा कारकून, तेवढे राहिलो. तो यंत्रांना गंज चढू नये म्हणून, मी कशासाठी ते मालकालाही सांगता आलं नसतं. गिरजाबाई रिसोडच्या रस्त्याला खडी फोडायला बसली. येता-जाता मी तिला पाही. हातोडीच्या प्रत्येक घावासरशी राखाडी धूळ उडे, आणि ती धूळ पदराने झटकली तरी तारुण्य काही परतत नसे.

तर खंडेनवमी. रेच्यांना झेंडूच्या माळा घातल्या, मिस्त्रीला बॉयलर पेटवायला लावला आणि साखळी ओढली. त्या दीर्घ, गंभीर नादाने मी इतका सुखावलो की पुन्हा ओढली.

नारळ फुटतो न फुटतो तोच फाटकाशी बायांची गर्दी. पुढे गिरजाबाई, धापा टाकत, रुई नाकात जाऊ नये म्हणून पदर तोंडाला बांधलेला, काखेत भाकरीचं फडकं. मी मूर्खशिरोमणी समजलो, प्रसादाला आल्या. खोबऱ्याचं ताट पुढे केलं.

तिने एक तुकडा उचलला. "कोन्त्या रेच्यावर बसू, बाबूजी?"

"आज नुसती पूजा आहे," मी म्हणालो.

पदराची गाठ सोडायला तिला फार वेळ लागला. "मुकादमाले सांगून आली ना मी, माह्या जागी दुसरी बसव म्हनून."

दुसरी बसलीही होती. त्या वर्षी रस्त्याकडेला एक हातोडी खाली पडली की ती उचलायला चार हात टपलेले असत. संध्याकाळी मी मुकादमाकडे रदबदलीला गेलो, तो हसला.

त्यानंतर किती हिवाळे आले, गेले. जिन पुन्हा चालू झालं, रेच्यांवर नव्या बाया बसल्या, त्यांत ती नव्हती. रुईचं धुकं अजून सोनेरी असतं, आणि भोंगा वाजला की माझी मान आपोआप खाली जाते. कारण त्या नादाच्या शेपटाला मला अजून एक आवाज ऐकू येतो: खोबऱ्याचा तुकडा ताटात परत ठेवत, स्वर जराही न चढवता बोललेला.

"देवाले घंटी पुरते, बाबूजी. भोंगा आमचा हाय. तुमी आपली घंटी वाजवत बसा."