न संपणारी धून आणि मी, आवाजाचं बटण

मी आवाजाचं बटण बोलतोय. माझ्यामुळे तुम्हाला सगळ्यांचे आवाज ऐकू येतात. माझा मात्र आजवर कोणी ऐकला नाही, म्हणून आज जरा बोलून घेतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गोल धातूची चकती, कडेला बारीक खाचा, डोक्यावर पांढरी रेघ. तिथून एका अ‍ॅम्प्लिफायरच्या छातीवर बसून मी काकांकडे आलो. काका चष्मे बनवतात. दुकानाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी त्यांचं श्रोतामंडळ जमतं. माणसं सात, खुर्च्या नऊ आणि नियम एकच: लावलेलं संगीत संपेपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही.

माणसं मला कशी वागवतात, विचारूच नका. आपल्या आवडीचं लागलं की मला पुढे ढकलतात, दुसऱ्याच्या आवडीचं लागलं की मागे ओढतात. वर म्हणतात, आज कान दुखतोय.

काकांची पुतणी परदेशी शिकून परत आली ती एकच ध्यास घेऊन: रसिकांनी व्हिडिओ गेममधलं संगीत ऐकलंच पाहिजे. जेवताना तेच, चहाला तेच. काका म्हणायचे, गेममध्ये कसलं आलंय संगीत, नुसतं टुंई-टुंई. शेवटी तिला एक शनिवार मिळाला, तोही अटीवर. एकानेही जांभई दिली तर विषय कायमचा बंद.

तिने फळ्यावर तीन शिफारशी लिहिल्या. बर्फाचा डोंगर चढायच्या खेळातली बासरी, समुद्राच्या तळाशी हिंडायच्या खेळातला पियानो आणि शेतीच्या खेळातलं, पेरणीपासून कापणीपर्यंत रंग बदलत जाणारं व्हायोलिन. मग तिने बासरी लावली आणि मला अर्ध्यावर आणलं. तिची बोटं गार पडली होती.

धून सुरेख होती. दोन-अडीच मिनिटांनी संपेलशी वाटली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मग पुन्हा. गेममधलं संगीत असं गोल फिरतं, हे मंडळाच्या गावीही नव्हतं. सगळे नियमाला धरून बसून राहिले. कोणी उठत नाही हे बघून पुतणीला वाटलं, काय तल्लीन झालेत! मग ती कशाला बंद करतेय? तिला वाटे हे रमलेत. त्यांना वाटे हे अजून संपायचंय. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांच्या पायाला मुंग्या आल्या. भूगोलाच्या बाई घड्याळाकडे न बघण्याची शिकस्त करत होत्या.

पाचव्या फेरीला मात्र बाईंचं बोट गुडघ्यावर ताल धरू लागलं. काकांनी डोळे मिटले. सगळं माझ्याच अंगातून जात होतं, तरी मलाही तेव्हाच कळलं की बासरीच्या खाली एका जाड तारेचा सूर केव्हाचा हळूहळू वर चढतोय.

सातव्या फेरीला काका स्वतःचाच नियम मोडून उठले आणि मला सावकाश शून्यावर आणलं. पुतणीचा चेहरा उतरला.

"हे संपत कसं नाही गं?"

"खेळणारा माथ्यावर पोचेपर्यंत वाजतच राहतं, काका."

"मग आधी सांगायचंस की. हे बघ, औषधवाले अर्ध्या वाटेत पाय धरून बसलेत."

सगळे हसले. पण अट ती अट. औषधवाल्यांनी खाली मान घालून कबूल केलं की दुसऱ्या फेरीत आपल्याला जांभई आली होती. पुतणी फळा पुसायला उठली.

"थांब," काका म्हणाले. "दुसरीत मीही दिली, तोंड मिटून. पाचवीत कोणी दिली असेल तर बोला."

कोणी बोललं नाही.

"मग समुद्र लाव."

आता माझी पांढरी रेघ पुसट झाली आहे. गेमची धून आपण होऊन थांबत नाही, ती मलाच थांबवावी लागते. आणि नेमकी कुठे, यावरून दर शनिवारी हमरीतुमरी होते. रसिकहो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. कोणी गेममधली धून लावली की तोंड वाकडं करून त्याचा कान पिळू नका. पाच फेऱ्या होऊ द्या, मग खुशाल पिळा. बघू, हात उचलतोय का.