व्हर्नाच्या टीव्हीवरची अक्षरं

लेलँड प्रूएटचे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे. अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात ते ज्या टायर कारखान्यात कामाला होते, तिथे अशी माणसं पुष्कळ होती. यंत्रांच्या घरघराटाचा त्यांना त्रास नव्हता आणि हातांनी गप्पा मारायला गोंगाट आड येत नव्हता. लेलँडला मात्र ऐकू यायचं. त्यामुळे डॉक्टरांचं निदान असो की घरमालकाची कुरकुर, सहाव्या वर्षापासून सगळं त्याच्याच हातांतून आईपर्यंत पोचायचं. घरमालक चिडून बोलला, की लेलँड नुसते शब्द सांगून थांबत नसे. त्याचं सुटलेलं पोट, त्याच्या भुवया, त्याचे सुस्कारे, सगळं करून दाखवी. त्याची आई व्हर्ना हसता हसता टेबलाला धरून बसे.

शनिवारी बहिऱ्यांच्या क्लबात हाच खेळ रंगायचा. लेलँड खुर्चीवर चढून कारखान्याच्या मुकादमाची नक्कल करायचा आणि अख्खा क्लब लोटपोट व्हायचा. बहिऱ्या माणसांचं हसणं बेताचं नसतं. आपलं हसू आपल्यालाच ऐकू येत नाही, मग आवरायचं कशाला? तसलं मोकळं हसू त्याला पुढे कुठल्याच नाट्यगृहात मिळालं नाही.

वडील गेल्यावर तो शिकागोला एका छोट्या नाटकमंडळीत दाखल झाला. तिथे आयत्या वेळी सुचेल ते बोलून लोकांना हसवायचं असायचं. आपली जीभही हातांइतकीच चलाख आहे, हा शोध त्याला तिथे लागला. पुढे लॉस एंजेलिसमध्ये एका टीव्ही मालिकेत तो मिस्टर डॅगेट नावाचा हेकट औषधवाला झाला. संवादही तोच लिहायचा. डॅगेट गल्ल्यामागून जेमतेम हलायचा. उभ्या उभ्या फक्त बोलायचा. लोकांना तो इतका आवडला, की रस्त्यात बायका लेलँडला थांबवून खोकल्यावर औषध विचारायच्या.

व्हर्ना दर गुरुवारी संध्याकाळी टीव्हीसमोर बसायची. पडद्यावर मुलगा तोंड हलवताना दिसायचा. मग तिचं पत्र यायचं, की टाय वाकडा होता, तू बारीक झालायस, आणि तो जाडा माणूस तुझ्यावर का रागावला होता? लेलँड तिला संवादांचे कागद आधीच पाठवू लागला. पण सोमवारी वाचलेला विनोद गुरुवारी कुठल्या तोंडाला चिकटवायचा, हे तिला कळेना. एका नाताळात ती त्याला हातांनी म्हणाली, "क्लबात तू जास्त गंमत करायचास." मायेनंच म्हणाली, पण लेलँडला ते लागलं.

एकोणीसशे ऐंशी साली बाजारात एक डबा आला. तो टीव्हीला जोडला, की काही कार्यक्रमांच्या तळाशी बोलणं अक्षरांत उमटायचं. लेलँडच्या मालिकेलाही ती अक्षरं लागणार असं ठरलं, तेव्हा तो डबा घेऊन स्वतः ॲक्रनला आला. व्हर्नानं ठेवणीतला पोशाख घातला होता. मॅकरोनी तशीच निवत ठेवून दोघं सोफ्यावर बसली.

पडद्यावर एका बाईनं डॅगेटला विचारलं, ही गोळी घेऊन खरंच झोप लागते का? लेलँडनं लिहिलेलं उत्तर असं होतं: "बाई, मी रोज घेतो. आत्ताही मी झोपलेलोच आहे. जरा हळू बोला." खाली अक्षरं उमटली: "होय. मीही घेतो."

व्हर्नानं ती दोनदा वाचली आणि परक्या माणसाशी वागावं तशा अदबीनं विचारलं, "लोकांना याचं हसू येतं?"

लेलँडनं घाईघाईनं खरं वाक्य हातांनी सांगितलं. ती हसली, पण तोवर डॅगेट दुकान बंद करून गेलाही होता.

परत गेल्यावर लेलँडनं अक्षरं लिहिणाऱ्यांची कचेरी गाठली. तिथली आयोनी बक्सबॉम सरळ बाई होती. बहिऱ्यांचं वाचन संथ असतं, म्हणून वाक्यं छाटायची असा नियम आहे, असं तिनं समजावून सांगितलं.

"माझी आई न्याहारीआधी दोन वर्तमानपत्रं संपवते," लेलँड म्हणाला, "आणि त्यांतल्या चुका मला लिहून पाठवते."

आयोनीनं शेजारची खुर्ची ओढली. "मग बसा इथे. तुम्हीच ठरवा काय छाटायचं ते."

तेव्हापासून दर आठवड्याला एक दिवस तो तिथे बसू लागला. ओठ उघडायच्या आधी अक्षरं आली, तर विनोद फुटतो. उशिरा आली, तर शिळा होतो. वाक्य मावेनासं झालं, की पुढच्या भागात तो मूळ संवादच आखूड लिहायचा. हळूहळू डॅगेटचं बोलणं धारदार होत गेलं, आणि ऐकणारेही पूर्वीपेक्षा जास्त हसू लागले.

फेब्रुवारीत तो पुन्हा आईशेजारी सोफ्यावर बसला. या खेपेला त्याचं लक्ष टीव्हीकडे नव्हतंच. पहिल्या विनोदाला व्हर्नाच्या ओठांची कड हलली, दुसऱ्याला ती मोठ्यांदा हसली. सवयीनं लेलँडचे हात उठले आणि पुढचं वाक्य सांगू लागले. तिनं त्याच्या मनगटावर चापट मारली.

"हात खाली ठेव. मला वाचू दे."

त्यानं हात मांडीवर ठेवले. चाळीस वर्षं आई आणि जग यांच्यामध्ये तो उभा होता. आता त्या दोघांचं त्याच्यावाचून चाललं होतं.

कार्यक्रम संपल्यावर ती त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "तू असा बोलतोस होय! सगळ्या देशाला माझा मुलगा ठाऊक होता. मीच तेवढी मागे राहिले."

व्हर्ना उठली आणि याही खेपेला निवलेली मॅकरोनी गरम करायला लागली.

त्यानंतर तिनं त्याला सुखानं जगू दिलं नाही. टेलिफोनला जोडलेलं, इथे टाइप केलेलं पलीकडे कागदावर उमटवणारं टाइपयंत्र तिच्याकडे होतं, तसंच त्यानंही घेतलं. दर गुरुवारी भाग संपला, की तिचा अभिप्राय खडखडत यायचा. अमुक ओळ लांबली. तमुक विनोद गेल्या महिन्यातलाच आहे. तोतऱ्या गिऱ्हाइकाला चिडवलंस ते आवडलं नाही, आम्हालाही लोक असंच चिडवायचे. त्यानंतर डॅगेटनं पुन्हा कुणाच्या बोलण्याची टर उडवली नाही. सहकलाकार घाबरायचे ते समीक्षकांना. लेलँडला धाक होता तो ॲक्रनचा.

मालिकेच्या शेवटच्या वर्षी त्यानं आईसाठी म्हणून एक प्रसंग लिहिला. डॅगेटचा घसा बसलाय आणि दिवसभराची गिऱ्हाइकं तो नुसत्या हातवाऱ्यांनी सांभाळतोय. चार मिनिटं एक शब्द नाही. चित्रीकरणाला बसलेल्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. लेलँड गुरुवारी टाइपयंत्राशेजारी खुर्ची टाकून बसला.

यंत्र खडखडलं. कागदावर आलं: "आज वाचायला काहीच नव्हतं. आजारी होतास का? पुढच्या वेळी नीट बोल."

लेलँड इतका हसला, की त्याला उत्तर टाइप करता येईना. पलीकडून यंत्र पुन्हा विचारत राहिलं, आहेस ना, आहेस ना, आणि तो डोळे पुसत एका बोटानं अक्षरं शोधत राहिला.