दोन सूत

मनीने ते पुस्तक तिसऱ्यांदा उसवलं तेव्हा तिला वाटलं, आता उठावं आणि दोरा, दाभण, खळ, पुठ्ठे सगळं खिडकीतून भिरकावून द्यावं. पहिल्यांदा शिवण सैल पडली. दुसऱ्यांदा एक फॉर्मा, म्हणजे घडी घालून एकात एक बसवलेली चार पानं, उलटा शिवला गेला आणि राजा सिंहासनावर डोकं खाली पाय वर करून बसला. तिसऱ्यांदा तर काय झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. नुसतं वाकडं झालं, बस्स! बोटांच्या टोकांना दाभणाने इतकी भोकं पाडली होती की साबण लावला तरी आई गं व्हायचं.

बरं, सोडून देण्यासारखं काम असतं तर सोडलंही असतं. पण चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाचा हा प्रकल्प होता. स्वतः लिहिलेली परीकथा, स्वतः काढलेली चित्रं, स्वतःच्या हाताने बांधलेलं पुस्तक. गेल्या वर्षी याच प्रकल्पात ती नापास झाली होती. बरोबरच्या पोरी पुढे निघून गेल्या आणि ही तिथेच. बाबांनी निक्षून सांगितलं होतं, "मने, ही शेवटची खेप. यंदा नाही जमलं तर चित्रकला बंद. आत्यासारखी छापखान्यात लाग." बाबा एकदा बोलले की बोलले. त्यांची मनधरणी करता करता आईचेही नाकी नऊ यायचे.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तीस वर्षं छापखान्याच्या बांधणी खात्यात होती आणि गेली बारा वर्षं कागद कापायच्या मोठ्या यंत्रावर. घरातली वही असो की पत्रिका, आत्या आधी तिच्या कडेवरून अंगठा फिरवणार आणि नाक मुरडणार. "काय ही कड! उंदराने कुरतडलीय का?" तिच्या हातून कड न कापलेलं पुस्तक आजवर खात्याबाहेर पडलं नव्हतं. शेवटी मनीने हात टेकले आणि सगळं बाड उचलून आत्याच्या खात्यात जाऊन बसली. "तू फक्त दाखव. हात माझाच लागला पाहिजे, तसा नियमच आहे," तिने बजावून सांगितलं. आत्याने दाखवलं. मनीने शिवलं. चौथ्यांदा पुस्तक सरळ उभं राहिलं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

कथा अशी होती. एका परीला परीकथेत राहायचा भयंकर कंटाळा येतो. राजा सारखा बोलावतो, राणी रडते, राजपुत्र हरवतो आणि सगळ्यांचं निस्तरायचं हिने. म्हणून ती पानाच्या कडेला जाऊन लपते आणि तिथूनच गुपचूप कामं उरकते. डावीकडे मजकूर, उजवीकडे चित्र, अशी सोळा चित्रं. प्रत्येक चित्रात अगदी उजव्या कडेला, नखाएवढी, अर्धी आत अर्धी बाहेर, परी. कुठे नुसतं नाक, कुठे काठी धरलेला हात, कुठे वैतागून कपाळावर मारलेला तळवा. त्या सोळा पऱ्यांसाठी मनीने तीन केसांचा ब्रश वापरला होता आणि दीड महिना घालवला होता. प्रत्येक मजकुराच्या शेवटी एकच ओळ होती: "बघा बरं, कडेला कोण आहे?"

सादर करायच्या दिवशी सकाळी पाठीला लावलेली खळ वाळली होती. आता फक्त पुठ्ठ्याचं कव्हर चढवायचं बाकी होतं. दुपारी तीनला बाईंसमोर उभं राहायचं होतं. मनी पुस्तक आत्याच्या खात्यातच ठेवून अर्ज आणायला कॉलेजात गेली. कारकून जागेवर नव्हता, मग होता तर शिक्का नव्हता, मग शिक्का मिळाला तर शाई वाळलेली. दोन तास गेले. चडफडत परत आली, तर आत्या दारातच उभी, तोंडावर हसू मावत नव्हतं.

"ये ये, बघ तुझं पुस्तक! घडीची पानं पायऱ्यांसारखी पुढे आली होती गं. कडेला रंगाचे डागही लागले होते जागोजागी, बोटं पुसलीस की काय? दोन सूत कापलं. कसं लखलखीत दिसतंय!"

दोन सूत म्हणजे पाव इंच.

मनीने पुस्तक उघडलं. राजा होता, राणी होती, हरवलेला राजपुत्र झाडावर होता. "बघा बरं, कडेला कोण आहे?" कोणी नव्हतं. पुढचं पान, कोणी नाही. सोळाच्या सोळा पानांवर कोणी म्हणजे कोणी नाही.

तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली की ती ओरडलीच. आजूबाजूच्या चार जणी काम थांबवून बघायला लागल्या. "तुला सांगितलं होतं कोणी? कोणी सांगितलं होतं हात लावायला? डाग? डाग म्हणतेस त्यांना? अगं, परी होती ती! माझी परी कापून टाकलीस तू!"

"कुठली परी?" आत्या खरोखरच गोंधळली होती.

यंत्राखालच्या टोपलीत कातरण पडलं होतं. मनीने हात घालून चिंधीसारख्या पट्ट्या उपसल्या, त्यातली एक आत्याच्या तोंडासमोर नाचवली. "ही! ही बघ!"

आत्याने पट्टी हातात घेतली. दूर धरली, जवळ आणली, चष्मा वर केला, खाली केला. मग मान डोलावली. "हो की गं. किती छान काढलीयस. चुकलंच माझं."

तिने धरलेली बाजू कोरी होती. परी मागच्या बाजूला होती, मनीकडे तोंड करून, कपाळावर हात मारून.

मनीला एकदम आठवलं. तीन महिन्यांपूर्वी छापखान्यात डोळे तपासायला डॉक्टर आले होते. त्या दिवशी आत्याचं पोट दुखत होतं. पुन्हा आले तेव्हा तिला कुणाच्या तरी लग्नाला जायचं होतं. यंत्रावरच्या माणसाची नजर पक्की हवी, नाहीतर घरी बसा, असा मालकांचा दंडक होता. आणि आत्याला घरी बसवणं म्हणजे माशाला फडताळात ठेवणं. म्हणजे ही बाई नुसत्या अंगठ्याच्या अंदाजाने त्या पात्याखाली हात घालत होती तर!

राग गेला का? कशाला जाईल! उलट दुप्पट झाला, कारण आता तो काढायला जागाच उरली नाही. मनीने मुकाट्याने कव्हर चढवलं. ते मात्र मापात चपखल बसलं.

तीन वाजता बाईंनी पुस्तक हातात घेतलं. शांतपणे पानं उलटली. पाचव्या पानावर थांबल्या. "कडेला कोण आहे? मला तर कोणी दिसत नाही."

"परी होती, बाई. कापली गेली."

"कापली गेली म्हणजे? कोणी कापली?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हे बघ, दुसऱ्या कोणाच्या हातून नुकसान झालं असेल तर तसं लिहून दे. जिथे झालं तिथल्या मालकांची सही आण, काय झालं, कोणी केलं, सगळं स्पष्ट लिहून. पंधरा दिवसांची मुदत मिळेल. पंधरा दिवसांत करशील पुन्हा?"

पंधरा दिवसांत मनीने सोळा काय, बत्तीस पऱ्या काढल्या असत्या. रडत काढल्या असत्या, पण काढल्या असत्या. तिला मालकांच्या टेबलावरचा तो कागद दिसला. काय झालं, कोणी केलं.

"मीच कापली," ती म्हणाली. "माप चुकलं."

"वेडी की काय तू!" बाई खरंच चिडल्या. "जिच्यावर सगळी गोष्ट उभी, तीच कापलीस? याला मी काय गुण देऊ?" त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. "आणि कापलीस ती इतकी सरळ, की बोलायला जागा नाही." मग कागदावर लाल अक्षरात जे लिहायचं ते लिहिलं.

बाहेर पायरीवर आत्या बसली होती. मनीची पावलं ऐकून उठली. "काय म्हणाल्या?"

"कड सरळ आहे म्हणाल्या."

"मग! सांगत होते ना?" आत्याचा चेहरा उजळला. "म्हणजे पास?"

"नापास."

"अगं बाई! का गं?" आत्याने तिचा दंड धरला. "हे बघ, जीवाला लावून घेऊ नकोस. तुझ्या बापाला मी समजावते. पुढच्या वर्षी चित्रांचं तू बघ, बांधायला मी आहेच."

मनीला हसू आलं की रडू, देव जाणे. "तू नाही बांधायचंस. तू आत्ता माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायचंयस."

"मला काय धाड भरलीय? माझे डोळे एकदम—"

"आत्या," मनी म्हणाली, "मी आत्ता नापास होऊन आलेय. आज माझ्याशी खोटं बोलू नकोस."

दोघींनी रस्ता ओलांडला. पलीकडे गेल्यावर आत्याने मनीचा दंड आणखी घट्ट धरला.

"दीड वर्ष झालं," ती हळूच म्हणाली. आणि चार पावलांनी, "कशी होती गं ती? तुझी परी?"

"चिडकी," मनी म्हणाली. तिचा आवाज अजून रागाने कापत होता. "नाक लाल. केस विस्कटलेले. पहिल्या पानावर ती राजाला जीभ काढून दाखवत होती."

"आणि दुसऱ्या?"